टंचाई आणि वाटा : 'रिमवर्ल्ड' या संगणकीय खेळातील साधनव्यवस्थापनाची चिकित्सा

प्रस्तावना

कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेची समृद्ध परंपरा मराठीत आहे. संगणकीय खेळाकडे मात्र आपल्याकडे बहुधा विद्यार्थ्यांचा वेळ खाणारे व्यसन किंवा तंत्रज्ञानाचा एक उद्योग म्हणूनच पाहिले जाते. पाश्चात्त्य विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र अभ्यास रुजला असून एस्पेन आर्सेथ (१९९७), येस्पर यूल (२००५) आणि इयन बोगोस्ट (२००७) यांच्या ग्रंथांनी त्याला सैद्धान्तिक पाया दिला आहे. बोगोस्ट यांचे प्रतिपादन असे की, खेळ आपले म्हणणे शब्द किंवा चित्रे यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, नियमांच्या द्वारे मांडतो. कोणती कृती शक्य आहे, कोणत्या कृतीची काय किंमत मोजावी लागते आणि कोणती कृती मुळातच अशक्य आहे, हे ठरवीत असताना खेळ जगाविषयी एक भूमिका घेत असतो.

ही दृष्टी स्वीकारून प्रस्तुत लेखात 'रिमवर्ल्ड' या खेळातील दुर्मीळ साधनांच्या व्यवस्थापनाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. टंचाईचे चित्रण हा खेळ अत्यंत प्रामाणिकपणे करतो. परंतु टंचाईत कोणाच्या वाट्याला काय यावे, हा प्रश्न तो जवळजवळ विचारतच नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ 'फ्रॉस्टपंक' या समकालीन खेळाशी मर्यादित तुलना केली आहे.

१. खेळाचे स्वरूप

'रिमवर्ल्ड' ही टायनन सिल्व्हेस्टर यांनी स्थापन केलेल्या 'लुडियन स्टुडिओज' या कॅनडातील संस्थेची निर्मिती होय. २०१३ पासून हा खेळ टप्प्याटप्प्याने उपलब्ध होत गेला आणि २०१८ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच्या सर्वपरिचित आरंभकथेत अवकाशयानाच्या अपघातातून बचावलेली तीन माणसे एका दूरस्थ ग्रहावर उतरतात. निवारा, शेती, स्वयंपाक, औषधोपचार, संरक्षण अशी सर्व व्यवस्था त्यांना शून्यातून उभी करावयाची असते. खेळाडू यांपैकी कोणत्याही एका पात्राची भूमिका करीत नाही. तो वरून पाहतो, कामांचा अग्रक्रम ठरवितो आणि साठ्याचा हिशेब ठेवतो. कादंबरीच्या परिभाषेत बोलायचे, तर तो सर्वसाक्षी निवेदक आणि वसाहतीचा कारभारी अशा दोन्ही नात्यांनी वावरतो.

घटनांचा क्रम 'कथाकार' या नावाच्या यंत्रणेकडे असतो. कॅसॅन्ड्रा, फीबी आणि रँडी असे तीन कथाकार उपलब्ध आहेत. कॅसॅन्ड्रा संकटे चढत्या क्रमाने आणते, फीबी दोन संकटांत अधिक अवकाश देते, तर रँडी कोणताच क्रम पाळत नाही. टंचाई केवळ निसर्गदत्त नसून ती कथेच्या गरजेनुसार घडविलेली आहे, ही कबुली या योजनेतच आहे.

२. सुटा भाग आणि पर्यायी उपयोगाचे द्वंद्व

अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिच्या केंद्रस्थानी दुर्मीळ आणि पर्यायी उपयोग असलेली साधने आहेत. साधन केवळ दुर्मीळ असून भागत नाही. ते एकाहून अधिक ठिकाणी उपयोगी पडत असेल, तरच निवडीचा प्रश्न उद्भवतो. 'रिमवर्ल्ड'मधील 'कंपोनंट', म्हणजे यंत्रांचा सुटा भाग, हे या व्याख्येचे जवळजवळ आदर्श उदाहरण आहे.

उपरोक्त आरंभकथेत वसाहतीजवळ ४५० एकक पोलाद आणि ३० सुटे भाग असतात. अन्न टिकविण्यासाठी लागणाऱ्या शीतयंत्राला ९० पोलाद व ५ सुटे भाग, विजेच्या शेगडीला ८० पोलाद व २ सुटे भाग, लाकडावर चालणाऱ्या प्रत्येक जनित्राला १०० पोलाद व २ सुटे भाग, तर प्रत्येक विद्युतघटाला ७० पोलाद व २ सुटे भाग लागतात. एक शीतयंत्र, एक शेगडी, दोन जनित्रे आणि दोन विद्युतघट एवढा किमान संसार मांडायचा म्हटले, तरी ५१० पोलाद आणि १५ सुटे भाग खर्ची पडतात. म्हणजे निम्मे सुटे भाग शिल्लक असतानाच पोलाद अपुरे पडते आणि डोंगर खोदण्यास माणूस पाठवावा लागतो. तो माणूस खाणीत गेला, की शेतातील दोन हात कमी होतात. एका वस्तूची टंचाई अशा रीतीने श्रमाच्या टंचाईत रूपांतरित होते. पुढे संरक्षणासाठी तीन लहान स्वयंचलित तोफा बसविल्या, तर आणखी ९ सुटे भाग जातात आणि हाती ६ उरतात.

खेळाच्या रचनेतील खरे मर्म या उरलेल्या सहांत आहे. विजेवर चालणारी यंत्रे अधूनमधून बंद पडतात आणि प्रत्येक दुरुस्तीला एक सुटा भाग लागतो. साहजिकच प्रत्येक नवे यंत्र हे उभारणीच्या वेळच्या खर्चाबरोबरच भावी दुरुस्तीचे एक ऋण घेऊन येते. उन्हाळ्याच्या ऐन मध्यात शीतयंत्र बंद पडले आणि साठ्यात एकही सुटा भाग नसला, तर साठविलेले मांस सडू लागते. नवनिर्मितीचे कौतुक आणि देखभालीची उपेक्षा हा आधुनिक विकासकल्पनेचा एक परिचित दोष आहे. महाविद्यालयात नवी प्रयोगशाळा उभारण्यास निधी मिळतो, परंतु जुनी उपकरणे दुरुस्त करण्यास तो मिळविताना किती खटपट करावी लागते, हे अध्यापकांना सांगण्याची गरज नाही. 'रिमवर्ल्ड' देखभालीला निर्मितीच्या बरोबरीचे स्थान देतो आणि तेही एकच वस्तू दोन्हींसाठी आवश्यक करून. हे या खेळाचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

या टंचाईतून सुटण्याचे मार्गही विचारपूर्वक योजले आहेत. डोंगरात दबलेली जुनी यंत्रसामग्री खोदून सुटे भाग मिळतात, आकाशातून कोसळलेले यानांचे अवशेष मोडून मिळतात, व्यापाऱ्यांकडून विकत घेता येतात. संशोधन पुरेसे झाल्यावर ते स्वतः तयार करता येतात आणि एका सुट्या भागाला १२ पोलाद लागते. मात्र ज्या मेजावर ते तयार होतात, त्या मेजाच्या उभारणीसाठी २०० पोलाद आणि १२ साधे सुटे भाग यांखेरीज २ प्रगत सुटे भागही लागतात. आणि प्रगत सुटे भाग तयार करण्याची जागाही तेच मेज होय! या चक्रातून वसाहत स्वबळावर बाहेर पडू शकत नाही. पहिले दोन प्रगत भाग तिला बाहेरून मिळवावे लागतात. स्वावलंबनाच्या पायाशी परावलंबन असते, ही औद्योगिकीकरणाच्या इतिहासातील वस्तुस्थिती येथे एका साध्या नियमात सांगितली गेली आहे.

३. क्रूसोचा वारसा आणि गरजेची निर्मिती

या खेळाचे वाङ्मयीन कूळ शोधताना डॅनियल डीफो यांच्या १७१९ मधील 'रॉबिन्सन क्रूसो' या कादंबरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. क्रूसोही फुटलेल्या जहाजातून सामान उतरवून घेतो, त्याच्या याद्या करतो आणि जे पुन्हा तयार करता येणार नाही, ते जपतो. वीज पडून सगळी दारू एकदम उडेल, या भीतीने तो ती शंभरावर पुड्यांत विभागून ठेवतो. शाई संपत आली, की पाणी घालून ती वाढवीत राहतो. इयन वॉट यांनी कादंबरीच्या उदयासंबंधीच्या आपल्या १९५७ मधील ग्रंथात क्रूसोला आर्थिक व्यक्तिवादाचा प्रतिनिधी म्हटले, ते या हिशेबी वृत्तीमुळेच. 'रिमवर्ल्ड'च्या पडद्यावर सतत दिसणारी साठ्याची यादी ही क्रूसोच्या दैनंदिनीची यांत्रिक आवृत्ती होय.

परंतु एक महत्त्वाचा फरक आहे. क्रूसोच्या गरजा त्याने आपल्या समाजातून सोबत आणलेल्या आहेत आणि कादंबरी त्यांना स्वाभाविक मानते. 'रिमवर्ल्ड' मात्र गरजही बदलून दाखवितो. त्याच्या दुसऱ्या एका आरंभकथेत एका उद्ध्वस्त टोळीतील पाच माणसांपासून वसाहत सुरू होते. त्यांना वीज ठाऊक नाही, त्यामुळे सुट्या भागांची उणीवही त्यांना भासत नाही. चुलीवर रांधावे, दगडाची भिंत घालावी आणि मांस व वनस्पतिजन्य अन्न एकत्र करून पेमिकन करून ठेवावे. हे पेमिकन शीतयंत्राविना ७० दिवस टिकते आणि खेळातील वर्ष ६० दिवसांचे असते, हे ध्यानात घेतले, म्हणजे या सोयीचे महत्त्व कळते. मार्शल साहलिन्स यांनी १९७२ मधील ग्रंथात शिकारी-संकलक समाजांना 'मूळचे सुबत्तेचे समाज' म्हटले होते. गरजा मर्यादित असतील, तर अल्प साधनेही पुरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. टंचाई ही वस्तूंच्या संख्येवर अवलंबून नसून साधने आणि गरजा यांच्या संबंधावर अवलंबून असते, हे या दोन आरंभकथा शेजारी ठेवल्यास स्पष्ट होते. अर्थात, टोळीतील माणसेही संशोधन करू शकतात. आणि विजेचे ज्ञान मिळताच तीही सुट्या भागांच्या शोधास लागतात.

४. संपत्ती आणि संकट

साठा वाढविणे हा टंचाईवरील सर्वांत सरळ उपाय वाटतो. खेळाचा नियम मात्र त्याच्या आड येतो. वसाहतीवर होणाऱ्या हल्ल्यांची तीव्रता ठरविताना माणसांच्या संख्येबरोबरच वसाहतीची एकूण संपत्तीही मोजली जाते. वस्तूंचे मूल्य त्यात पूर्ण धरले जाते, तर इमारतींचे निम्मे. कोठारात सोने आणि उंची वस्त्रे भरून ठेवणारी, पण संरक्षणाकडे दुर्लक्ष करणारी वसाहत स्वतःच्या वैभवानेच संकट ओढवून घेते. म्हणून अनुभवी खेळाडू अनावश्यक साठा टाळतात, कधी जाणीवपूर्वक गरीब राहतात.

या नियमाचे दोन अर्थ संभवतात. संचयाने सुरक्षितता येते, या समजुतीला त्याने तडा जातो, हा पहिला. हल्लेखोरांना वसाहतीच्या कोठाराची माहिती नसतानाही हा हिशेब लागू होतो. म्हणजे येथे लोभाचे मानसशास्त्र नसून कथेचा तोल राखण्याची युक्ती आहे, हा दुसरा. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे आहेत. समृद्धी आणि धोका यांचा संबंध खेळ ठामपणे सांगतो, परंतु त्याचे सामाजिक कारण देत नाही.

५. वाटा कोणाचा?

आतापर्यंतचे विवेचन उत्पादन, साठा आणि वापर यांच्याविषयी झाले. वाटपाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्य व दुष्काळविषयक ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन दाखविले, की उपासमारीचे कारण अन्नाचा एकूण तुटवडा हेच असते असे नाही. अन्न मिळविण्याचा हक्क लोकांच्या हातून निसटणे, हेही कारण असू शकते. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून विस्तारलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने अधिकृत झालेल्या रोजगार हमी योजनेने काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क मानला. टंचाईच्या काळात माणूस केवळ गरजवंत नसतो. तो मागणी करणारा नागरिकही असतो, हे त्यामागील तत्त्व होते.

या निकषावर 'रिमवर्ल्ड' पाहिला असता काय आढळते? वसाहतीतील अन्न, औषधे, पोलाद सर्वांच्या सामाईक कोठारात असतात. कोणालाही वेतन नाही. अंगावरची वस्त्रे, हत्यार आणि नेमून दिलेली खोली यांपलीकडे खाजगी मालमत्ता जवळजवळ नाही. वरवर पाहता ही समतेची व्यवस्था वाटते. प्रत्यक्षात कोण काय खाईल, कोणावर कोणते औषध वापरायचे, कोणती खोली कोणाला द्यायची, हे सर्व खेळाडू ठरवितो. मालकी सर्वांची असली, तरी निर्णय एकाचा आहे.

या निर्णयाविरुद्ध बोलण्याची सोय पात्रांना नाही. त्यांची नाराजी 'मनःस्थिती' या अंकात व्यक्त होते. तो अंक फार खाली आला, की पात्राचा तोल जातो : कोणी कोठारातील अन्न अधाशीपणे खात सुटते, कोणी वस्तूंची मोडतोड करते, कोणी सोबत्यांवर धावून जाते. सर्वांत बोलका नियम स्वभावविशेषांचा आहे. काही पात्रांना 'मत्सरी' हा स्वभाव दिलेला असतो. आपल्या खोलीपेक्षा दुसऱ्याची खोली बरीच चांगली असल्यास अशा पात्राची मनःस्थिती खालावते. ज्याला हा स्वभाव नाही, त्याला शेजाऱ्याच्या संगमरवरी दालनाचे काहीच वाटत नाही! विषमतेची जाणीव ही येथे न्यायाची मागणी नसून एका माणसाच्या स्वभावातील दोष ठरते. 'माझा वाटा कोठे आहे?' या प्रश्नाचे रूपांतर 'याचा स्वभावच तसा' या उत्तरात होते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा या खेळातील सर्वांत गंभीर वैचारिक निर्णय आहे आणि तो नियमाच्या रूपात असल्यामुळे सहज नजरेतून सुटतो.

नंतरच्या विस्तारांनी या चित्रात काही भर घातली आहे. २०२० च्या 'रॉयल्टी'मध्ये मानाच्या पदव्या आल्या. पदवीधारक पात्रे विशिष्ट दर्जाची दालने मागतात आणि काही तर कष्टाची कामे नाकारतात. २०२१ च्या 'आयडिऑलजी'मध्ये गुलामगिरीची व्यवस्था आली आणि गुलामांना एकत्र उठाव करता येऊ लागला. म्हणजे वाट्याची मागणी करण्याचा अधिकार वरच्या टोकाला सरदारांना आणि खालच्या टोकाला गुलामांना मिळाला. मधल्या सामान्य वसाहतकऱ्याला संघटित आवाज तेवढ्याने मिळत नाही.

६. 'फ्रॉस्टपंक'शी तुलना

पोलंडमधील '११ बिट स्टुडिओज' या संस्थेचा 'फ्रॉस्टपंक' हा खेळ २०१८ मध्येच प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वी गोठली, अशी त्याची कल्पना आहे. एका प्रचंड कोळसाभट्टीभोवती निर्वासितांचे शहर वसते. येथील कळीचे साधन 'स्टीम कोअर', म्हणजे वाफेच्या यंत्राचा गाभा, हे होय. तो शहरात तयार करता येत नाही. बर्फातील मोहिमांतून शोधून आणावा लागतो. कोळशाची खाण, प्रगत रुग्णालय आणि स्वयंचलित यंत्रमानव या सर्वांना तोच गाभा हवा असतो. रॉबिन्स यांच्या व्याख्येतील द्वंद्व येथेही आहे.

तथापि येथे टंचाईचे ओझे कोणी उचलायचे, हे कायद्याने ठरते. मुलांना कामावर लावायचे की निवारागृहात ठेवायचे, अन्न पातळ सूप करून वाढवायचे की त्यात भुसा मिसळायचा, कामाची पाळी लांबवायची का, असे प्रश्न खेळाडूसमोर येतात. लोक एकत्र येऊन घरांना ऊब मागतात. आश्वासन देऊन ते न पाळल्यास असंतोष वाढतो. लंडनला परतू पाहणारा एक गट उभा राहतो आणि आशा संपुष्टात आल्यास खेळाडूचीच हकालपट्टी होते. वाटा ही येथे राजकीय मागणी आहे.

'फ्रॉस्टपंक'च्याही मर्यादा आहेत. लोकांचे मत 'आशा' आणि 'असंतोष' या दोन पट्ट्यांत मोजले जाते आणि शिस्तीच्या किंवा श्रद्धेच्या मार्गाने टोकाला गेल्यास आशेची पट्टीच नाहीशी होऊन तिच्या जागी आज्ञापालन किंवा भक्ती येते. परंतु हा शेवट खेळाला ठाऊक आहे. तो खेळाडूला त्याचा जाब विचारतो. 'रिमवर्ल्ड'मध्ये जाब विचारणारे कोणी नाही.

७. माणूस हेही साधन

वाट्याचा प्रश्न वगळल्याचा परिणाम खेळाच्या नैतिक बाजूवर होतो. साधने कमी पडू लागली, की माणूसच साधन बनतो. हल्ल्यात पकडलेल्या कैद्याला वसाहतीत सामील करून घेता येते किंवा सोडून देता येते. त्याचप्रमाणे त्याला गुलाम म्हणून विकता येते, त्याचे मूत्रपिंड काढून विकता येते आणि मृताच्या कातड्याची वस्त्रेही शिवता येतात. या कृत्यांनी वसाहतीतील बहुतेकांची मनःस्थिती काही काळ खालावते. म्हणजे खेळ त्यांना निंद्य मानतो, परंतु त्यांची किंमत अंकांत सांगतो. अंकांत सांगितलेली किंमत चुकती करता येते. चांगले भोजन आणि सुंदर दालन यांनी तो खड्डा भरून निघतो.

यास्तव या खेळाला क्रौर्याचे समर्थन करणारा म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, हिशेबाची भाषा सर्वव्यापी झाली, म्हणजे क्रौर्य किती सहज शक्य होते, याचा अनुभव तो देतो. पण हा अनुभव चिकित्सेत परिणत होण्यासाठी आवश्यक असलेला विरोधी स्वर खेळाच्या आत नाही. तो वाचकाने, म्हणजे खेळाडूने, स्वतः आणावा लागतो. समीक्षेची गरज नेमकी येथे निर्माण होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'रिमवर्ल्ड'मधील सुटा भाग हा निर्मिती आणि देखभाल यांतील संघर्षाचे वाहक साधन आहे. देखभालीला मिळालेले हे स्थान त्याला केवळ उभारणीच्या खेळांहून वेगळे करते.

२) टंचाई ही निरपेक्ष नसून गरजांशी सापेक्ष आहे आणि संचय हा तिच्यावरील निर्धोक उपाय नाही, हे खेळ आपल्या नियमांतून परिणामकारकपणे मांडतो.

३) वाटपाचा प्रश्न मात्र तो व्यक्तीच्या मनःस्थितीत आणि स्वभावात विरघळवून टाकतो. त्यामुळे विषमतेविषयीची तक्रार हक्काच्या पातळीवर येत नाही.

४) 'फ्रॉस्टपंक' हाच प्रश्न कायदा, आश्वासन आणि सामूहिक असंतोष यांच्या द्वारे राजकीय पातळीवर आणतो. म्हणजे ही उणीव माध्यमाची नसून विशिष्ट रचनेची आहे.

५) खेळांतील नियम हे संहितेप्रमाणेच वाचता येतात आणि तसे वाचले जाणे आवश्यक आहे.

आपले विद्यार्थी असे खेळ खेळतात आणि टंचाई, नियोजन, त्याग यांविषयीच्या काही कल्पना तेथून घेऊन वर्गात येतात. साठ्याचा हिशेब त्यांना खेळ शिकवितो. त्या साठ्यावर कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवण्याचे काम मात्र साहित्याच्या आणि समाजशास्त्रांच्या अध्यापकांना करावे लागेल.